कोड लिहिण्याआधीचे प्रश्न

बडोद्यातील मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नट-बोल्ट, व्हॉल्व्ह आणि विजेच्या पॅनलचे सुटे भाग तयार करणारे छोटे कारखाने पुष्कळ आहेत, आणि शहरात औषधांचे घाऊक व्यापारीही कमी नाहीत. अशा मंडळींसाठी बिलिंग, साठा आणि जीएसटीची विवरणपत्रे यांचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका लहान कंपनीत मी टेस्टर आहे. गेल्या काही वर्षांत आमच्याकडील तपासणीची पद्धत बदलली आणि तिच्याबरोबर माणसांचे एकमेकांशी असलेले कामाचे नातेही बदलले. हे बदल कोणत्याही प्रशिक्षणातून आले नाहीत. ते कामातल्या अडचणींतून, बऱ्याच वादावादीनंतर आणि हळूहळू आले, म्हणून ते सविस्तर नोंदवून ठेवावेसे वाटते.

पूर्वीची पद्धत अनेक लहान कंपन्यांत आजही दिसते. महिन्याच्या सुरुवातीला मालक आणि मुख्य डेव्हलपर काय करायचे ते ठरवत, डेव्हलपर महिनाभर कोड लिहीत आणि शेवटचे दोन-तीन दिवस तपासणीसाठी राखून ठेवलेले असत. प्रत्यक्षात आधीच्या टप्प्यांत जो उशीर होई तो सगळा तपासणीच्या वाट्याच्या दिवसांतून वजा होई. रिलीजच्या, म्हणजे नवी आवृत्ती ग्राहकांना देण्याच्या, आदल्या संध्याकाळी सॉफ्टवेअर आमच्या हातात पडे, आम्ही नेहमीचे पडदे (स्क्रीन) उघडून बघत असू, जे सापडेल ते लिहून देत असू, आणि उरलेले ग्राहकांच्या फोनवरून समजे. त्या फोननंतर हमखास विचारला जाणारा प्रश्न असा असे : हे टेस्टिंगमधून सुटले कसे? या प्रश्नाला उत्तर नसते, कारण तो मुळात चुकीच्या माणसाला आणि चुकीच्या वेळी विचारलेला असतो.

विचाराला वेगळी दिशा मिळाली ती एका किरकोळ दिसणाऱ्या तक्रारीमुळे. नट-बोल्ट आणि वॉशर विकणाऱ्या एका ग्राहकाच्या हिशेबनिसाने कळवले की बिलावरचा कर आणि आमच्याच सॉफ्टवेअरने काढलेल्या विक्री नोंदवहीतला कर जुळत नाही. फरक होता पैशांचा. डेव्हलपरांपैकी एकाने बिलाचा भाग लिहिला होता, दुसऱ्याने नोंदवहीचा, आणि दोघांनीही आपापला भाग पुन्हा तपासून तो बरोबर असल्याचे सांगितले. दोघांचेही म्हणणे खरे होते.

आमच्याकडे हिशेबाच्या बाबतीत सल्ला द्यायला एक काका येतात. दांडिया बाजारात राहतात आणि त्यांची उभी हयात कारखान्यांची खाती लिहिण्यात गेली आहे. त्यांनी आकडे सोपे करून एका कागदावर उदाहरण मांडले. एका ओळीची रक्कम १० रुपये ५ पैसे, केंद्रीय कर ९ टक्के, म्हणजे ९०.४५ पैसे, तो पूर्ण पैशात धरला तर ९० पैसे. अशा ४० ओळी असतील तर कर होतो ३६ रुपये. आता ओळीओळीवर कर न काढता आधी बेरीज केली तर रक्कम होते ४०२ रुपये आणि तिच्यावरचा ९ टक्के कर होतो ३६ रुपये १८ पैसे. राज्याचा करही तेवढाच, त्यामुळे एका बिलात ३६ पैशांचा फरक. बिलाचा कोड पहिल्या पद्धतीने चालत होता आणि नोंदवहीचा दुसऱ्या. काका म्हणाले, “अगं, गणित दोघांचंही बरोबर आहे. पण आधी बेरीज की आधी कर, हे दोघांना कोणी सांगितलं होतं का?”

कोणीच सांगितले नव्हते. ज्या कागदावर गरज लिहिली होती त्यात “बिलावर जीएसटी लावणे” एवढेच शब्द होते. कायद्याकडे पाहिले तर केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम १७० म्हणते की देय कर जवळच्या रुपयात धरावा आणि ५० पैसे किंवा अधिक असतील तर वरचा रुपया घ्यावा, पण बिलाच्या प्रत्येक ओळीवर पैसे कसे धरावेत याचा त्या कलमात उल्लेख नाही. तो निर्णय आम्हालाच घ्यायचा होता, आणि तो न घेता आम्ही त्याच्यावर दोन वेगवेगळे कोड उभे केले होते. १९९९ साली नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ नष्ट झाले, त्याच्या मुळाशीही असेच कारण होते : एका गटाचे सॉफ्टवेअर पाउंडाच्या मापात आकडे देत होते आणि दुसऱ्या गटाचे ते न्यूटनचे समजून वाचत होते. आपापल्या जागी दोन्ही बाजूंची आकडेमोड चालू होती, मधल्या जागेची जबाबदारी मात्र कोणाकडेच नव्हती. आमचा मामला ३६ पैशांचा होता, पण तो याच जातीचा होता.

आम्ही ठरवले की कर ओळीवरच धरायचा, तो काढणारे फंक्शन, म्हणजे कोडचा तुकडा, एकच असेल आणि बिल, नोंदवही, विवरणपत्र या सर्वांनी तेच वापरायचे. त्याचबरोबर रक्कम दशांश अपूर्णांकात न ठेवता पूर्ण पैशांत ठेवायची असेही ठरले, कारण संगणकाच्या द्विमान पद्धतीत १०.०५ सारखी संख्या नेमकी मांडताच येत नाही आणि अगदी कडेच्या आकड्यांवर एखादा पैसा इकडेतिकडे होतो. हा निर्णय तारखेसह लिहून ठेवला. आज एखादा नवा डेव्हलपर “हे असेच का?” असे विचारतो तेव्हा त्याला दाखवायला एक पान आहे.

या प्रकरणानंतर मी मालकांकडे एकच मागणी केली. कोड लिहायला घेण्यापूर्वी त्या कामावर तिघांनी बसावे : जो कोड लिहिणार आहे तो, मी किंवा माझी सहकारी, आणि ज्याला व्यवहार माहीत आहे असा माणूस, म्हणजे काका किंवा ग्राहकांचे फोन घेणाऱ्या बेन. आमच्या व्यवसायात अशा बैठकीची पद्धत जुनीच आहे आणि तिला “थ्री अमिगोज” असे नावही आहे. आम्ही तिला नुसती तिघांची बैठक म्हणतो. बैठकीत चर्चा कमी आणि उदाहरणे जास्त असावीत एवढा एकच नियम आम्ही काटेकोरपणे पाळला.

उदाहरणांनी काय साधते ते बिल क्रमांकाच्या कामात स्पष्ट दिसले. जीएसटी नियमावलीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा क्रमांक १६ चिन्हांपेक्षा मोठा असू शकत नाही आणि एका आर्थिक वर्षात तो पुन्हा वापरता येत नाही. एका ग्राहकाला क्रमांकात शाखेचा तीन अक्षरी संकेत, मग तिरकी रेघ, मग २०२५-२६ असे वर्ष, पुन्हा तिरकी रेघ आणि शेवटी अनुक्रमांक असा नमुना हवा होता. फळ्यावर आम्ही चिन्हे मोजली. अनुक्रमांक चार आकडी असेल तर बरोबर १६ भरतात, म्हणजे नियमात बसते. डेव्हलपरला तेवढ्याने समाधान वाटले आणि खरे तर कागदावर ते पुरेसेही होते. पण टेस्टरची सवय अशी की मर्यादा दिसली की तिच्या अलीकडचे, तिच्यावरचे आणि पलीकडचे मूल्य तपासायचे. ९९९९ नंतर काय, असे विचारताच १०,००० वे बिल १७ चिन्हांचे होणार हे सगळ्यांच्या लक्षात आले. ते बिल वर्षाच्या मध्यावर, बहुधा दिवाळीच्या गर्दीत, अडकले असते. वर्ष २५-२६ असे लिहायचे ठरवले की पाच आकडी अनुक्रमांकासह १५ चिन्हे होतात. ग्राहकाला फोन करून विचारले, त्यांनी होकार दिला आणि काम तिथेच मिटले. कोडची एक ओळही लिहिली गेलेली नव्हती.

त्याच बैठकीत काकांनी सहज विचारले की ३१ मार्चच्या रात्री बारानंतर ट्रक निघाला तर बिल कोणत्या वर्षात पडेल. कारखान्यांत रात्रपाळी चालते आणि माल पहाटेही बाहेर पडतो हे आम्हा संगणकापुढे बसणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही. आमच्या सर्व्हरचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर होते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. म्हणजे १ एप्रिलला रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत केलेले प्रत्येक बिल सर्व्हरच्या लेखी ३१ मार्चचेच ठरले असते आणि त्याला मागच्या वर्षाच्या मालिकेतला क्रमांक मिळाला असता. संगणकाचे ज्ञान डेव्हलपरकडे होते, ट्रकचे काकांकडे, आणि हे दोन्ही एका टेबलावर आल्यावरच तो प्रश्न निर्माण झाला.

सर्वांना हे लगेच पटले असे मात्र नाही. आमच्या एका ज्येष्ठ डेव्हलपरचा आक्षेप असा होता की बैठकांमध्ये वेळ जातो आणि ज्याला काम येते त्याला शांतपणे काम करू द्यावे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते, कारण सुरुवातीच्या उत्साहात आम्ही बटणाचा रंग बदलण्यासाठीही तिघांना बसवू लागलो होतो. त्यांच्याशी बोलूनच एक सीमा ठरली : जे काम पैसे, तारीख, क्रमांक किंवा छापील कागद यांना स्पर्श करते त्याचीच बैठक होईल, बाकीचे काम डेव्हलपर आपल्या जबाबदारीवर करतील आणि दुसरा एक डेव्हलपर कोड वाचून मान्यता देईल. लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचून दोष शोधण्याची शिस्त आयबीएममधील मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये मांडली होती. आमच्या व्यवसायाच्या मानाने ही गोष्ट फार जुनी आहे, तरी लहान कंपन्यांत तिला वेळ दिला जात नाही याचे मला वाईट वाटते. पुढे याच ज्येष्ठांनी कोड वाचताना त्याच्याबरोबरच्या चाचण्या आधी वाचायच्या असा पायंडा पाडला.

बग, म्हणजे दोष, नोंदवण्याच्या पद्धतीवरही बरेच काम करावे लागले. “बिल निघत नाही” किंवा “स्टॉक चुकीचा दाखवतो” अशी टिकिटे, म्हणजे तक्रारींच्या नोंदी, येत आणि डेव्हलपर त्यांवर “माझ्या मशीनवर चालते” असा शेरा मारून ती बंद करत. दोन्ही बाजूंचा राग साहजिक होता. आता टिकिटात ग्राहक कोण, कोणत्या मालावर आणि कोणत्या क्रमाने काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले आणि हे कधीपासून होते आहे, एवढे लिहिल्याशिवाय ते पुढे जात नाही. भाषा मात्र मोकळी ठेवली आहे. बेन गुजरातीत लिहितात, मी मराठीत लिहिते आणि बडोद्यातल्या आमच्या कार्यालयात यामुळे कोणाचे अडल्याचे मला आठवत नाही. दोषाची गंभीरता आणि त्याची निकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही बेनमुळेच आमच्या अंगवळणी पडले. वर्षातून एकदा लागणारा अहवाल बंद पडणे गंभीर असते, पण तो अहवाल सहा महिन्यांनी लागणार असेल तर थांबता येते. बिलावर ग्राहकाच्या पेढीचे नाव अर्धे छापले जाणे तांत्रिकदृष्ट्या क्षुल्लक असते, पण त्याच्यासाठी दुपारपर्यंतही थांबता येत नाही.

मोठा दोष ग्राहकापर्यंत गेलाच तर त्यानंतरच्या बैठकीत “कोणी केले” हा प्रश्न विचारायचा नाही, असे आम्ही ठरवले. त्याऐवजी हा दोष आपल्यापैकी कोणाला आणि कोणत्या टप्प्यावर दिसू शकला असता, हे विचारायचे. या बदलाचा परिणाम मला सर्वांत मोलाचा वाटतो. पूर्वी डेव्हलपर स्वतःच्या कोडमधली शंका बोलून दाखवत नसत, कारण ती नंतर त्यांच्यावरच उलटे. आता एखादा कनिष्ठ सहकारी स्वतः येऊन म्हणतो, “ताई, या परताव्याच्या भागाची मला खात्री नाही, जरा नीट बघा.” जिथे तपासायला हवे ती जागा लिहिणाऱ्यालाच आधी ठाऊक असते आणि तो ती सांगतो, यापेक्षा मोठी मदत टेस्टरला मिळू शकत नाही.

स्वयंचलित चाचण्यांविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यांच्याविषयी साहित्य भरपूर आहे. हिशेबाच्या फंक्शनांवरच्या लहान चाचण्या आम्ही भरपूर लिहिल्या. कोड गिटमध्ये, म्हणजे कोडचे बदल जपणाऱ्या प्रणालीत, चढवला की जेनकिन्स हे साधन त्या आपोआप चालवते आणि एक जरी नापास झाली तरी तो बदल पुढे जात नाही. सेलेनियम हे ब्राउझर आपोआप चालवणारे साधन वापरून केलेल्या पडद्यावरच्या चाचण्या मात्र मोजक्याच ठेवल्या आहेत, कारण त्या संथ असतात आणि पडदा जरा बदलला की मोडतात. कोडमध्ये काहीही न बदलता जी चाचणी कधी पास होते आणि कधी नापास, ती त्याच दिवशी बाजूला काढून दुरुस्त करायची किंवा टाकून द्यायची, याबाबत मी आग्रही आहे. अशी चाचणी राहू दिली की लोक नापास चाचणीच्या लाल खुणेकडे दुर्लक्ष करायला शिकतात.

या सगळ्याची खरी कसोटी सप्टेंबर २०२५ मध्ये लागली. जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबरला दरांची फेररचना जाहीर केली आणि ती २२ सप्टेंबरपासून लागू होणार होती. बहुतेक औषधांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर येणार होता, त्यामुळे आमचे औषध व्यापारी ग्राहक एका रात्रीत नव्या दरावर जाणार होते. शिवाय २२ सप्टेंबर हा नवरात्राचा पहिला दिवस होता, आणि बडोद्यात त्या नऊ रात्री संध्याकाळनंतर कोणी कार्यालयात थांबेल ही अपेक्षाच करता येत नाही.

पहिली सूचना अशी आली की वस्तूच्या नोंदीत १२ च्या जागी ५ घालणारी एक छोटी स्क्रिप्ट चालवावी. काकांनी विचारले की मग ऑगस्टचे बिल पुन्हा छापले तर त्यावर काय येईल. अर्थात ५ टक्केच आले असते. म्हणून प्रत्येक दराला “या तारखेपासून” अशी जोड द्यायचे ठरले. त्यानंतर फळ्यावर केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम १४ उतरवले. दर बदलतो तेव्हा मालाचा पुरवठा, बिल आणि पैसे मिळणे या तीन घटनांपैकी कोणती आधी आणि कोणती नंतर झाली यावर दर ठरतो, आणि व्यवहारात तो “तीनपैकी दोन” असा लक्षात ठेवतात : ज्या बाजूला दोन घटना, त्या बाजूचा दर. सर्व घटना एकाच बाजूच्या असण्याची दोन सरळ प्रकरणे सोडली तर सहा मिश्र प्रकरणे उरतात. ती सहाही आम्ही तारखांसह लिहिली, काकांनी प्रत्येकासमोर दर लिहिला आणि तोच तक्ता जसाच्या तसा चाचण्यांमध्ये गेला. डेव्हलपरने कोड लिहिला तो त्या तक्त्यावरून.

औषधांच्या धंद्यात मुदत संपलेला माल परत येतो, तोही विक्रीनंतर कित्येक महिन्यांनी. घाऊक व्यापारी क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणारा कागद, काढत असेल तर मूळ बिलावर १२ टक्के लागले असल्यास तिच्यावरही १२ टक्केच लागतात. दुकानदाराने तोच माल नव्या पुरवठ्याचे बिल करून पाठवला तर मात्र त्या दिवसाचा दर लागतो. हे दोन्ही मार्ग बाजारात वापरले जातात आणि दोन्हींच्या चाचण्या लिहाव्या लागल्या.

आदल्या शुक्रवारी आम्ही चाचणीच्या सर्व्हरचे घड्याळ आधी रविवारवर आणि मग सोमवारवर नेऊन सर्वांना आपापल्या पद्धतीने सॉफ्टवेअर वापरायला सांगितले. बेनांनी व्यापाऱ्यांचा रोजचा क्रम पाळला : २१ तारखेला अर्धवट जपून ठेवलेले बिल २२ तारखेला उघडून पक्के केले. त्यावर १२ टक्के कर तसाच राहिला. अर्धवट बिलात दर साठवला जातो ही गोष्ट कोड लिहिणाऱ्यांना माहीत होती आणि व्यापारी रात्री बिले अर्धवट ठेवतात हे बेनांना. शनिवारी दुरुस्ती झाली आणि तिची चाचणीही लिहून झाली. सोमवारी फोन बरेच आले, पण बहुतेक जुन्या साठ्यावर छापलेल्या किमतीचे काय करायचे हे विचारणारे होते. कराच्या आकड्याविषयी आलेल्या शंका बेनांनी तो सहा प्रकरणांचा तक्ता समोर ठेवून फोनवरच सोडवल्या, आणि गरब्याला जाणारे वेळेवर निघाले.

सध्या आम्ही गोदामातल्या लेबलांवर काम करत आहोत. यूटीएफ-८ या संगणकात अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत गुजराती किंवा देवनागरी लिपीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते आणि मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. आमचा जुना लेबलचा भाग ४० बाइट मोजून नाव तोडतो, त्यामुळे गुजराती नावाची १३ चिन्हे नीट छापली जातात आणि चौदावे अर्ध्यातच तुटून त्या जागी चौकोन उमटतो. या कामाच्या बैठकीला प्रथमच एका ग्राहकाच्या गोदामात लेबले छापणारे भाई येणार आहेत, आणि येताना त्यांच्या मालाची सर्वांत लांब नावे लिहून आणण्याची विनंती आम्ही त्यांना केली आहे.